पाकळी उजवी पडली, पण पावती कुठाय?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात पत्रं बरीच आली, त्यातली पाच निवडलीत. एक सांगून ठेवते, मी कुणी समुपदेशक वगैरे नाही. फोंड्याला एका वकिलांकडे २३ वर्षं दस्त टाइप केले आणि घरात आजीपासूनची देवपूजा बघितली, शिदोरी एवढीच. त्यामुळे कोर्टात जायची वेळ आली तर वकील गाठा, माझं उत्तर कापून नेऊ नका.

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, मिस्टरांची बदली झाली म्हणून आठ महिन्यांपूर्वी मडगावला आलो. इथे सकाळी सगळ्यांच्या गेटवर रिकाम्या पिशव्या लटकलेल्या असतात, पाववाला येतो, पाव टाकतो नि निघून जातो, पैसे महिन्याने. कोणी मोजत पण नाही. शेजारच्या काकी म्हणतात तूही पिशवी लाव, पण मला धीर होत नाही, मी हॉर्न ऐकला की धावत खाली जाते आणि रोख देते. इथले लोक इतके भोळे कसे हो?

भोळे? अहो, आमच्या शेजारीण बाई बांगडे माशांच्या वाट्यावर दहा रुपयांसाठी पाऊण तास उभ्या राहतात, त्यांना भोळं म्हणाल तर त्या तुम्हाला बाजारात घेऊन जातील.

कोणी मोजत नाही हे तुम्हाला वाटतं. आमच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे, त्यावर मी रोज बॉलपेनने आकडा टाकते, ४ उंडे म्हणजे गोल पाव, ६ उंडे, रविवारी पोळ्या, त्या कोंड्याच्या पावाच्या. पोदेरकडे, म्हणजे पाववाल्याकडे, त्याची वही असते. महिनाअखेरीस दोन्ही आकडे जुळले असं क्वचितच होतं, दोन-चार पावांचा फरक असतोच, कधी तो सोडतो कधी मी. एकदा ११ चा फरक आला, मी जरा आवाज चढवला, मग आठवलं की चतुर्थीला नणंदेची माणसं आली होती आणि नवऱ्याने परस्पर जास्तीचे पाव घेतले होते. त्या दिवशी मी त्याला चहा दिला, बिस्किटं पण दिली.

मुद्दा असा की रोजचा व्यवहार लहान आहे आणि तो दोघांनाही उद्या परत करायचाय. शिळे पाव टाकले तर दहा वाजेपर्यंत अख्ख्या वाड्यात बातमी. तुम्ही पैसे बुडवलेत तर ती बातमी नऊलाच. जून-जुलैत तो आमच्या पिशवीला गाठ मारून पत्र्याच्या आतल्या बाजूला अडकवतो, पाव भिजू नयेत म्हणून, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं त्याला ओळखते पण त्याचं आडनाव मला अजून माहीत नाही, बघा.

तुम्ही पिशवी लावा. पहिले १५ दिवस लावून बघा, बुडाले तर किती बुडतील? आणि उंच लावा, भीती पोदेरची नाही, कुत्र्याची आहे. पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटच्या, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या, मागे बसून स्टेशनला गेलात की नाही अजून? अनोळखी माणसाच्या मोटरसायकलवर बसून जीव त्याच्या हातात देता येतो, मग चार उंड्यांचं काय.

ताई, नाव छापू नका, डिचोली तालुका एवढंच लिहा. माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, गावच्या भजनात पखवाज वाजवतात. त्याच भजनातल्या एका गृहस्थांनी त्यांना ३०० चौरस मीटरचा प्लॉट दाखवला. सासऱ्यांनी देवीला प्रसाद लावला, म्हणजे मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावून कौल मागितला, पाकळी उजवी पडली म्हणजे होकार, आणि त्याच आठवड्यात त्यांनी त्या गृहस्थांना ३ लाख रुपये रोख दिले, पावती नाही, कागद नाही, काही नाही. आता सात महिने झाले. विचारलं की ते म्हणतात माझे दोघे भाऊ पोर्तुगालला आहेत ते आले की सह्या करू. मी घरात पावतीचा विषय काढला तर सासरे जेवणावरून उठले, म्हणाले देवीने दिलेल्या शब्दावर तुझा विश्वास नाही का. मिस्टर गप्प बसतात. मला देवीवर संशय नाही हो, मलाही तिचाच आधार आहे, पण हे पैसे आमच्या मुलीच्या शिक्षणाचे पण आहेत. मी चुकते का?

नाही चुकत. आणि तुमचे सासरेही एका अर्थी चुकलेले नाहीत, म्हणून तर हे अवघड झालंय.

आधी मला एक सांगा, गाऱ्हाणं घालताना देवीला नेमकं काय विचारलं होतं? म्हणजे भटजींनी शब्द काय घातले? माझ्या अंदाजाने असंच काहीतरी असणार की ही जागा आमच्या घराला लाभणार असेल तर उजवा प्रसाद दे. पाकळी उजवीकडून पडली म्हणजे देवी जागेला हो म्हणाली. तीन लाख रोख, बिनपावतीचे, भजनातल्या माणसाच्या हातात द्यावे का, हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. मी हे शब्दांत पकडायला म्हणत नाहीये. जुनी माणसं प्रसाद लावताना प्रश्न किती तोलून घालायची ते आठवा, एका पाकळीत एकच गोष्ट विचारायची, आणि तिने जेवढं सांगितलं तेवढंच घ्यायचं. आमच्या आजीने विहिरीच्या जागेला प्रसाद लावला होता, उजवा मिळाला. तरी दुसऱ्या दिवशी विहीर खणणारा आला तेव्हा तिने दरावरून त्याच्याशी तासभर घासाघीस केली आणि अर्धे पैसे पाणी लागल्यावर देईन म्हणाली. आजीची श्रद्धा कमी होती असं आमच्या गावात कुणी म्हणून दाखवावं.

सासऱ्यांना मार्दोळच्या महालसेची घंटा आठवते का विचारा. त्यांच्या वयाच्या माणसाला नक्की माहीत असणार. त्या मोठ्या घंटेला एरवी लोळा, म्हणजे आतला लोलक, नसायचा, कुणाला शपथेवर साक्ष द्यायची असेल तेव्हाच तो लावायचे, आणि खोटं बोलून घंटा वाजवली तर देवी तीन दिवसांत शिक्षा करते असं मानायचे. पोर्तुगीज काळात कोर्टसुद्धा ती साक्ष धरायचं म्हणून सांगतात. आता यात मला काय दिसतं, तर देवीच्या दारात उभा राहिलेल्या माणसाचाही नुसता शब्द पुरत नव्हता, त्याला लोळा लावून, चार लोकांदेखत, घंटा वाजवायला लागायची. तुम्ही पावती मागताय ती तीच घंटा आहे.

आणि एक आठवलं म्हणून. १५६० मध्ये कुठ्ठाळीचा मंगेश झुआरीपलीकडे प्रियोळला नेला, त्याच सुमारास केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, वेर्ण्याची महालसा मार्दोळला, त्या काळात देवळं पाडली जात होती. ते सगळं कुणाच्या तरी होडीतून झालं असणार ना? कुणीतरी तारी असेल, त्याच्यावर देवच सोपवला लोकांनी. पण मला खात्री आहे की तो तारी कोण, कुणाचा मुलगा, हे आधी दहा जणांनी बघितलं असणार. ज्याला देव द्यायचा त्यालाच आधी पारखायचं, असं काहीतरी. असो, विषयावर येते.

आता कागद, कारण माझी २३ वर्षं त्यातच गेली. सगळ्यात आधी त्या जागेचा सर्व्हे नंबर घ्या आणि वन-फोर्टीनचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा काढा. कब्जेदाराच्या रकान्यात त्या गृहस्थांचं नाव आहे का, की अजून वडलांचंच आहे? कूळ किंवा मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत घर करून राहणारा, कुणी लागलाय का? वडलांचं नाव असेल आणि वडील गेलेले असतील तर इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारसांची वाटणी) किंवा वारसाचा दस्त झालाय का ते विचारा, नसेल झाला तर तो एकटा माणूस तुम्हाला ३०० मीटर काय, तीन मीटरही विकू शकत नाही. आणि आपल्या गोव्यात लग्न झालं की नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, म्हणून भावांच्याच नाही, त्यांच्या बायकांच्याही सह्या लागणार. पोर्तुगालचे भाऊ येईपर्यंत थांबायचंही कारण नाही, तिथून मुखत्यारपत्र करून पाठवता येतं, रोज येतात तशी. तो हे करायला तयार आहे का, एवढ्यावरूनच तुम्हाला बरंच कळेल. शिवाय जमीन सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घर बांधता येईल अशा भागात, आहे का, कन्व्हर्जनची (बिगरशेतीची) सनद आहे का, आणि सब-रजिस्ट्रारकडून निल एन्कम्ब्रन्स, म्हणजे जागेवर बोजा नसल्याचा दाखला. तुम्हाला वाटेल ताई घाबरवतात, पण गोव्यात मेलेल्या आणि परदेशी गेलेल्या माणसांच्या जमिनी खोट्या कागदांवर विकल्या गेल्या आणि २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमायला लागलं, हे काही मी मनातून सांगत नाही.

रोखीचंही सांगते. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त अ‍ॅडव्हान्स रोख घ्यायला आयकर कायद्यात बंदी आहे, घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. म्हणजे पावती देताना तो का कू करेल ते फक्त फसवायचंय म्हणून असेल असं नाही, घाबरूनही असेल. आणि उधार-उसनवारीच्या पैशासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं असतात, तुमचे सात महिने गेले. त्याने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली तर घड्याळ नव्याने सुरू होतं. म्हणून काहीच जमलं नाही तर सासऱ्यांच्या फोनवरून एक साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जाऊ दे, "अमुक तारखेला प्लॉटचे म्हणून दिलेले तीन लाख, त्याची पावती कधी देता", त्याचं उत्तर आलं की ते जपून ठेवा, स्क्रीनशॉट काढून मुलीच्या फोनवरही पाठवा.

पण हे सगळं तुम्ही करू नका, सासऱ्यांनी करायला हवं, नाहीतर घरात सून विरुद्ध देवी असा सामना होईल आणि त्यात तुम्ही हरणार. त्यांना म्हणा, बाबा, तुम्ही आहात तोवर ते गृहस्थ तुमच्या शब्दाला मान देतील, उद्या आम्ही त्यांच्या दारात गेलो तर आम्हाला कोण ओळखणार? हे वाक्य मी आमच्या ऑफिसात कितीतरी वेळा चाललेलं बघितलंय. माणूस स्वतःच्या संशयाने पावती मागायला लाजतो, पण नातवंडांसाठी मागायला लाजत नाही. मिस्टरांना मात्र एकदा एकट्यात ऐकवा, त्यांचं गप्प बसणं मला सगळ्यात खटकलं.

आणि मी का एवढी पोटतिडकीने लिहितेय ते पण सांगते. आमच्या वडलांनी आरतीच्या मंडळातल्या एका माणसाला घराशेजारचा तुकडा विकला, शब्दावर, अर्धे पैसे घेऊन. तो माणूस चांगलाच होता, खरंच. पण तो वारला, आणि त्याच्या मुलाने उरलेल्या पैशांचं नावही माहीत नाही म्हणून सांगितलं. मुलगाही खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

ताई, कुडचड्याला माझं छोटं किराणा दुकान आहे. गेली ११ वर्षं एका सोसायटीचा पिग्मी एजंट रोज संध्याकाळी येतो, मी २०० रुपये देतो. आमच्या घरच्या लग्नाला तो पंगतीत वाढायला होता इतकी घरोब्याची ओळख. आता मुलगा म्हणतो बाबा मशीनची चिट्टी घ्या, नाहीतर बंद करा. मला त्याच्याकडे चिट्टी मागायला कसंतरी होतं.

दादा, मुलगा बरोबर आहे. चिट्टी मागा, आणि ती खिशात कोंबू नका, तारीख नि आकडा वाचा. तुमच्या गल्ल्यावर रोज शंभर गिऱ्हाईकं येतात, सुटे मोजून घेतात, तुम्हाला कधी राग आला? मग त्यालाही येणार नाही. उलट खरा एजंट स्वतःच चिट्टी पुढे करतो, कारण संध्याकाळी ऑफिसात हिशेब देताना त्याचीच मान त्यात अडकलेली असते.

खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही. एजंट देवमाणूस असेल हो, पण सोसायटी कशी आहे? तो तुमच्याकडून घेऊन जातो आणि पुढे ते कर्जाने कुणाला दिले जातात, हे त्यालाही माहीत नसतं. बँकेत ठेव असली, सहकारी बँक धरून, तर एका बँकेत एका माणसाची ५ लाखांपर्यंतची ठेव विम्याने सुरक्षित असते, ४ फेब्रुवारी २०२० पासून, त्याआधी तर १ लाखच होती. पतसंस्थेला, क्रेडिट सोसायटीला, हा विमा लागत नाही. बोर्डावर नाव काहीही असो. तेव्हा ११ वर्षांचे सगळे तिथेच पडून असतील तर थोडे बँकेत हलवा, वार्षिक सभेची नोटीस येते ती वाचा, आणि एकदा सभेला जाऊन चहा-सामोसा खायच्या आधी ताळेबंदात थकबाकी किती ते विचारा. एजंटची ओळख तुटणार नाही, तो पुढच्या लग्नातही वाढायला येईल.

ताई मी २३ चा आहे, कळंगुटला हॉटेलात कामाला. माझी गर्लफ्रेंड म्हणते विश्वास असेल तर फोनचा पासवर्ड दे. मी नाही म्हटलं तर चार दिवस बोलत नाहीये. देऊ का?

बाबू, नको देऊ. लपवण्यासारखं काही नसलं तरी नको. तिला म्हण, तुझ्यासमोर फोन उघडून टेबलावर ठेवतो, काय बघायचं ते बघ, पण पासवर्ड माझाच. त्या फोनमध्ये तुझा पगार आहे, यूपीआय आहे, आईचे मेसेज आहेत, हॉटेलच्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. चार दिवसांत तिने विचारलं का की तू जेवलास का? ते विचारत असेल तर भांडण मिटेल. आणि पासवर्ड, ओटीपी कुणालाच द्यायचे नाहीत, पोलीस आहोत म्हणून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" करणाऱ्यांना तर अजिबातच नाही, असली अटक कायद्यातच नाही. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन, दुसऱ्या दिवशी नाही.

ताई, मी देव मानत नाही, कॉलेजपासून. पण दर वर्षी आईला घेऊन म्हापशाच्या चर्चमध्ये मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला (उत्सवाला) जातो, ती तेल घालते, मी रांगेत उभा राहतो. मित्र म्हणतात तू ढोंगी आहेस. मला स्वतःलाही कधी कधी तसं वाटतं.

तुम्ही हात जोडता का ते लिहिलं नाहीत. जोडत असाल तर आईसाठी जोडत असाल, आणि त्यात सायबिणीची काही तक्रार असेल असं मला वाटत नाही, ती तर शिरगावच्या लईराई देवीची बहीण, सात बहिणींतली एक, असं आपले लोक मानत आले. हिंदू तेल घेऊन चर्चच्या रांगेत उभे राहतात नि तिकडे कुणाला ते विचित्र वाटत नाही. त्या गर्दीत तुमच्यासारखे किती असतील मोजायला गेलात तर रांग पुढे सरकायचीच नाही.

मित्रांना विचारा, ढोंग म्हणजे ज्याचा फायदा आपल्याला होतो ते, तुम्हाला यात काय मिळतं? उन्हात दोन तास आणि पायाला चटके. मला विचाराल तर तुम्ही देव मानत नाही हे आईला माहीत आहे का, तेवढं बघा. माहीत असून ती तुम्हालाच बरोबर नेत असेल तर तिच्या लेखी तो विषय केव्हाच संपलाय. माहीत नसेल तर सांगायची घाई करू नका, पण तिने विचारलं तर खोटं बोलू नका.

आणि तेलाची बाटली घट्ट झाकणाची न्या, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून. मागच्या वेळी पुढच्या माणसाचा धक्का लागला आणि माझी चांगली कॉटनची साडी गेली, तो डाग अजून आहे.